डोंगरातले दुखणे : प्रस्तावना

बुलढाणा जिल्हा म्हटले की लोणारचे सरोवर, सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा, शेगावचे गजानन महाराज आणि खामगावची बाजारपेठ आठवते. जिल्ह्याची उत्तर कड मात्र क्वचितच कुणाच्या बोलण्यात येते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतली कपाशीची आणि संत्र्यांची वावरे मागे पडली की सातपुडा चढू लागतो. भिंगारा, चाळीसटापरी अशी गावे तिथे आहेत. भिल, भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल या समाजांची ही वस्ती. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या आसपास होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा पाचाहून थोडे कमी. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मानाने हा आकडा लहान आहे आणि या लोकांच्या वाट्याला आलेल्या दुर्लक्षाचे मोठे कारण तेच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा, पलीकडच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतली काही गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. बुलढाण्याचा एकही तालुका त्यात नाही. म्हणून एकाच डोंगररांगेत राहणाऱ्या सोयऱ्याधायऱ्यांपैकी काहींच्या ग्रामसभेला पेसा कायद्याचे बळ मिळते आणि काहींच्या मिळत नाही. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय अकोल्याला, मानसिक आजारांचे सरकारी प्रादेशिक रुग्णालय नागपूरला. डोंगरातल्या माणसाच्या मनावर आघात झाला, तर त्याने कुठे जावे याचे उत्तर नकाशावर एवढे लांब आहे.

हे पुस्तक त्या माणसाजवळ आधी पोहोचणाऱ्यांसाठी आहे. आशाताई, अंगणवाडीताई, आश्रमशाळेतले शिक्षक आणि अधीक्षिका, उपकेंद्रातली नर्स, समाजकार्याचे विद्यार्थी, वनहक्काच्या कामातले कार्यकर्ते आणि जिल्हा रुग्णालयातले समुपदेशक हे त्याचे वाचक. त्यांपैकी अनेकांनी मानसशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नसेल, तर काहींनी फक्त पुस्तकेच उघडलेली असतील. दोघांनाही या विषयाचा पट एकदा समोर मांडून द्यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

मानसिक आघात ही कल्पना आज ज्या रूपात शिकवली जाते, ते रूप फार जुने नाही. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांची झोप उडाली होती, आवाज झाला की ते दचकत होते, घरात असून घरात नव्हते. त्यांच्या आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या बाजूने झालेल्या मोठ्या चळवळीनंतर १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकाराला जागा मिळाली. त्या मान्यतेने कोट्यवधी लोकांना दिलासा दिला, हे विसरता येणार नाही. पण त्या व्याख्येच्या पोटात काही गृहीतके होती. आघात म्हणजे एक घटना. ती एका माणसावर कोसळते. मग ती संपते आणि तिची आठवण त्या माणसाच्या डोक्यात उरते. उपचार म्हणजे त्या आठवणीला वेसण घालणे, तेही एका खोलीत, दार लावून, एका अनोळखी पण प्रशिक्षित माणसासमोर बोलून.

सातपुड्यात यातले जवळजवळ काहीच जुळत नाही. इथे घटना संपत नाही, तिची तारीख सांगता येत नाही आणि ती एकट्याची नसते.

विस्थापनाचेच घ्या. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले आणि पुढे त्याच व्याघ्र क्षेत्राला जोडले गेले. या पट्ट्यातली गावे टप्प्याटप्प्याने मैदानात आणली गेली. पुनर्वसनाचा मोबदला अनेक वर्षे कुटुंबामागे दहा लाख रुपये होता. मेळघाटातून अकोला जिल्ह्याच्या अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत आलेल्या काही गावकऱ्यांनी मैदानातले आजारपण, मृत्यू, न मिळालेली जमीन आणि अपुऱ्या सोयी यांच्या तक्रारी करत पुन्हा जंगलातल्या जुन्या गावठाणाची वाट धरली. जानेवारी २०१९मध्ये केलपाणी परिसरात गावकरी आणि वन-पोलीस दल यांच्यात संघर्ष झाला आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली. वाघ वाचला पाहिजे हे मान्य करूनही विचारायला हवे की गाव उठताना माणसाच्या मनातले काय उठते आणि काय मागेच राहते.

कोरकू समाजात माणूस गेल्यावर पुढे सिडोलीचा विधी होतो. कधी काही महिन्यांनी, कधी ऐपत जमायला काही वर्षे लागली की त्यानंतर. त्या वेळी मृताच्या नावाने सागाचा कोरीव खांब उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. या विधीनंतर मृत माणूस पूर्वजांत सामील झाला असे धरले जाते आणि घरचे लोक दुःखातून सुटतात. म्हणजे शोक कधी संपवायचा, कुणी संपवायचा, कुठे बसून संपवायचा, याची पूर्ण व्यवस्था या समाजाजवळ होती. ज्या गावाचे खांब आज संरक्षित वनाच्या आत आहेत आणि माणसे साठ-सत्तर किलोमीटरवर पत्र्याच्या घरात आहेत, तिथे ही व्यवस्था तुटते. मग एखादी म्हातारी जेवत नाही, रात्रभर बसून राहते, नातवाला ओळखत नाही. तिच्या कागदावर नैराश्य लिहिले जाते आणि गोळी दिली जाते. गोळीने कदाचित झोप लागेल आणि झोप लागणेही मोलाचे आहे. पण राहून गेलेली सिडोली तिच्या तपासणीच्या कागदावर कुठल्याच रकान्यात येत नाही. अशा वेळी जुन्या गावठाणात विधीसाठी जाण्याची परवानगी मिळवून देणे हा उपचाराचा भाग आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. ती परवानगी वनखात्याकडे मागण्याचा अर्ज समुपदेशकाला लिहिता आला पाहिजे.

दुसरे दुखणे मुलांचे. डोंगरातले मूल सहा-सात वर्षांचे झाले की आश्रमशाळेत जाते. शिक्षणासाठी ही वाट आवश्यक आहे आणि अनेक शिक्षकांनी तिथे आयुष्य वेचले आहे. पण घर, भाषा आणि रात्रीची कुशी एकाच दिवशी सुटलेल्या मुलाच्या मनाचे काय होते, यावर आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले. कॅनडात आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा प्रश्न एका राष्ट्राच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न झाला. सरकारने २००८ साली संसदेत माफी मागितली आणि सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली अहवाल दिला. आपल्या आश्रमशाळांचा हेतू आणि इतिहास वेगळा आहे, ती तुलना सरसकट करणे अन्यायाचे होईल. तरी नोव्हेंबर २०१६मध्ये याच जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात, पाळा येथील निवासी आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे प्रकरण पुढे आले, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या आणि राज्यभर आश्रमशाळांतल्या सुरक्षेची चर्चा सुरू झाली. त्या चर्चेत कॅमेरे होते, कुंपणे होती, महिला अधीक्षकांची पदे होती. त्यानंतरच्या वर्षांत मुलीच्या मनाशेजारी कोण बसणार, हा प्रश्न त्या मानाने फार थोड्यांनी विचारला. २०१२च्या पॉक्सो कायद्यात जबाब घेताना दुभाष्याची आणि जाणकार व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे, पुढच्या नियमांत सहायक व्यक्तीची सोय आहे. कोरकू, निहाली किंवा बारेली बोलणारी अशी सहायक स्त्री गरज पडण्याआधी शोधून, शिकवून ठेवावी लागते. प्रकरण उघडकीला आल्यावर तिचा शोध सुरू केला तर मुलीचा पहिला जबाब परक्या भाषेतच नोंदला जातो आणि पुढे न्यायालयात त्याच शब्दांवर तिची उलटतपासणी होते.

तिसरे दुखणे पारध्यांचे. ते डोंगरात थोडे आणि मैदानात, गावांच्या कडेला जास्त राहतात. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पूर्ण जमातींवर जन्मतः शिक्का मारला. हजेरी, परवाने, कुंपणे असे जगणे अनेक पिढ्यांनी काढले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतली नावे राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवर आणि विमुक्त जमातींवर आधारलेले भेदभावाचे नियम घटनाबाह्य ठरवले. इतक्या उशिरा हे करावे लागले, यावरून तो शिक्का किती खोल होता ते कळावे. पारधी वस्तीवर पहाटे गाडीचा आवाज आला की पोरेसोरे पालातून पळतात. पाठ्यपुस्तक याला अतिसावधपणाचे लक्षण म्हणेल. गाडी खरोखरच येत असेल तर ते लक्षण राहत नाही, ते शहाणपण असते. ज्याचा धोका अजून टळलेला नाही त्याला 'आता तू सुरक्षित आहेस' असे सांगणारा समुपदेशक पहिल्याच भेटीत विश्वास गमावतो.

ऊसतोड आणि वीटभट्टीचे स्थलांतर, वनजमिनीच्या दाव्यांतली टांगणी, पावसाळ्यात झोळीतून दवाखान्यात न्यावी लागणारी बाळंतीण, लागोपाठ गेलेली लेकरे, यांबद्दल इथे थोडक्यात इतकेच म्हणतो की पुस्तकात ती पुन्हापुन्हा भेटतील.

जगात या प्रश्नाला भिडणारे पहिले लोक स्वतः आदिवासी होते. अमेरिकेत लकोटा समाजाच्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी १९८०च्या दशकापासून ऐतिहासिक आघाताची मांडणी केली. पिढ्यांमागून पिढ्यांवर साचत आलेली, रडून न झालेली जखम असा तिचा आशय होता आणि उपाय म्हणून त्यांनी सामूहिक शोकविधींकडे पाहिले. या मांडणीमुळे असंख्य लोकांना आपले दुःख आपला दोष नाही हे कळले. तिच्यावरचा आक्षेपही घरातूनच आला. ग्रो व्हेंत्र समाजाचे मानसशास्त्रज्ञ जोसेफ गोन यांनी दाखवले की सगळ्या जमातींची सगळी दुःखे एकाच शब्दात कोंबली तर त्यांच्यातले फरक पुसले जातात आणि हिरावलेल्या जमिनीचा राजकीय प्रश्न दवाखान्यातला आजार होऊन बसतो. मला हा आक्षेप फार महत्त्वाचा वाटतो. सातपुड्यात काम करणाऱ्याने ब्रेव्ह हार्ट वाचाव्यात आणि लगेच गोनही वाचावेत.

न्यूझीलंडमध्ये मेसन ड्युरी यांनी माओरी आरोग्याचे चार भिंतींच्या घराचे चित्र मांडले. शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब या चार भिंती आणि एक ढासळली की घर कलते. तिथल्याच माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी सांस्कृतिक सुरक्षिततेचा आग्रह धरला. त्यांचा मुद्दा साधा आणि अवघड होता. सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा देणारा ठरवणार नाही, घेणारा ठरवेल. रुग्णाच्या चालीरीती पाठ केल्याने काम होत नाही, आपल्या हातातली सत्ता ओळखावी लागते. ऑस्ट्रेलियात ज्युडी ॲटकिन्सन यांनी २००२च्या आपल्या ग्रंथात आदिवासी कुटुंबांतल्या हिंसेचा माग पिढ्यांच्या आघातापर्यंत नेला आणि शांतपणे, घाई न करता ऐकण्याच्या तिथल्या आदिवासी परंपरेला उपचाराच्या केंद्रस्थानी आणले. हे तिन्ही प्रवाह या पुस्तकातल्या लेखांना कुठे ना कुठे भेटतात.

आपल्याकडचे प्रवाह वेगळ्या डोंगरांतून आले. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले आणि कुटुंब हे उपचाराचे साधन झाले. १९७३मध्ये डॉ. जे. एस. नेकी यांनी समुपदेशक आणि रुग्ण यांचे नाते गुरू-शिष्याच्या नात्याच्या अंगाने तपासले. १९८२मध्ये सुधीर कक्कर यांनी भगत, फकीर आणि वैद्य यांच्याकडे मनोविश्लेषकाच्या पण आदराच्या नजरेने पाहिले. त्याच वर्षी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि बेल्लारीच्या प्रयोगातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा साचा घडला. १९८४चे भोपाळ आणि १९९३चा किल्लारीचा भूकंप यांनी आपत्तीनंतर मनाचीही देखभाल लागते हे शिकवले. मात्र हे जवळजवळ सगळे काम रुग्णालयाच्या दारातून बाहेर पाहत झाले. डोंगरातल्या घराच्या दारातून रुग्णालयाकडे पाहणारे काम फार थोडे आहे.

त्या थोड्यांपैकी एक गडचिरोलीचे. १९८६ साली अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' सुरू केली तेव्हा आदिवासींनी त्यांना सांगितले की मोठ्या इमारतींची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, दवाखान्यात देव नसतो. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा, वस्तीच्या रचनेत उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. लोकांनी सांगितले तसा दवाखाना बांधणे ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते, करून दाखवणारे फार कमी. दुसरे काम नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याचे. पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने या आदिवासीबहुल भागातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा उपक्रम चालवला. गावातल्याच माणसांना दुःखी माणूस ओळखायला, त्याच्याशी बोलायला आणि गरज पडेल तिथे सरकारी योजनेपर्यंत त्याचा हात धरून न्यायला शिकवले. योजना मिळवून देणे हा समुपदेशनाचाच भाग मानला, ही त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट. तिसरे काम आपल्या अगदी शेजारचे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चाललेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमुळे नैराश्यात असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तो प्रकल्प प्रामुख्याने कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावांतला होता. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठीच्या 'प्रेरणा' प्रकल्पात बुलढाणाही आला आणि आशाताई घरोघरी प्रश्नावली घेऊन गेल्या. ते सारे शेतकऱ्याचे मन समोर ठेवून आखलेले होते. कर्ज, नापिकी, हमीभाव. डोंगरातल्या भूमिहीन बारेल्याला त्या प्रश्नावलीत स्वतःचे दुःख सापडणे कठीण आहे.

आता बुलढाण्याच्या स्वतःच्या एका जागेबद्दल. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू, मुसलमान, दलित, आदिवासी सगळे येतात आणि त्यात 'अंगात आलेली', 'बाधा झालेली' माणसे आणणारी कुटुंबे खूप असतात. काही जण दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने तिथे राहतात. या जागेकडे पाहण्याच्या दोन रीती महाराष्ट्रात समोरासमोर उभ्या आहेत. एक म्हणते की ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले, तेवढे पुरेसे आहे, हे सारे बंद व्हावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीने आयुष्य पणाला लावून जो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली मिळवून दिला, तो या भूमिकेचा कणा आहे. त्याच चळवळीने मानसमित्र घडवून पर्यायी आधार उभा करायचा प्रयत्न केला, हे विशेष. दुसरी रीत भार्गवी दावर यांची. त्यांनी आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९मध्ये महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर लिहिताना दाखवले की छळलेल्या, टाकलेल्या अनेक स्त्रियांना तिथे ओरडायला, लोळायला, रडायला जागा मिळते, जी घरात आणि दवाखान्यात मिळत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' एकत्र देण्याचा प्रयोग झाला, तो या दोन रीतींमधला.

डोंगरात कोरकूंचा भूमका आणि भिल-बारेल्यांचा बडवा यांच्याबाबत हाच वाद उभा राहतो. या पुस्तकाची भूमिका मी स्पष्ट सांगतो. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग देणे ही इजा आहे, तिला परंपरा म्हणून पाठीशी घालता येत नाही. बाईला डाकीण ठरवून मारणे हा गुन्हा आहे आणि तो स्वतःच एका नव्या आघाताचे कारण आहे. साखळी ही साखळीच असते, ती दर्ग्यात असो की घरातल्या खांबाला. पण ज्या भूमकाने रात्रभर शोकात बसलेल्या घराशेजारी बसून दाणे पाहिले, पूर्वजांची नावे घेतली, घरच्यांचे भांडण मिटवले आणि सकाळी 'आता याला दवाखान्यात न्या' म्हटले, त्याला आपला शत्रू समजणारा समुपदेशक डोंगरात टिकणार नाही. मेळघाटात आरोग्य यंत्रणेने भूमकांना रुग्ण दवाखान्यात आणण्यासाठी मानधन देण्याचा मार्ग काढला होता. मानधनापेक्षाही, त्याच्या ओट्यावर बसून त्याचे म्हणणे ऐकून घेणारा डॉक्टर जास्त काम करून जातो असे या क्षेत्रातल्या अनेकांचे मत आहे आणि माझेही तेच आहे.

प्रत्यक्ष बोलण्याच्या कामात काय बदलते? सगळ्यात आधी, एकांताचा अर्थ. वीस घरांच्या टापरीत समुपदेशकाची मोटरसायकल कुणाच्या दारात थांबली हे सगळ्यांना कळते. दार लावून एका बाईशी तासभर बोलले तर त्या तासाची किंमत ती पुढे महिनाभर मोजते. म्हणून कधी मोहफुले वेचताना, कधी नदीवर, कधी चार बायका सोबत असताना बोलावे लागते. भेटीची वेळ शेतीच्या आणि जंगलाच्या हंगामाप्रमाणे ठरते. तेंदूपानाच्या दिवसांत पहाटे कुणी घरी नसते आणि दिवाळीनंतर अर्धे गाव ऊसतोडीला गेलेले असते. दुभाषी नात्यातलाच निघतो, बहुधा पुरुष, आणि बाईला जे सांगायचे असते ते नेमके त्याच्याचबद्दल असू शकते. पहिल्या भेटीत 'काय झाले ते सुरुवातीपासून सांगा' असे विचारणे अनेकदा जखमेवरची खपली काढण्यासारखे ठरते. माणूस गोष्टीतून, दुसऱ्याचे म्हणून, देवाच्या नावाने स्वतःबद्दल बोलतो आणि ते त्याच्या पद्धतीने पूर्ण होऊ द्यावे लागते. मोहाची दारू विधीत घेणे आणि दुःख बुडवायला रोज पिणे यांतला फरक गावाला ठाऊक असतो, बाहेरच्याला तो शिकावा लागतो. आणि समुपदेशकाच्या पिशवीत वनहक्काचा अर्ज, जात प्रमाणपत्राची माहिती आणि पोलीस तक्रारीची रीत असावी लागते, कारण अनेकांची झोप ज्या गोष्टीने उडाली आहे ती कागदाने सुटणारी आहे.

भाषेचा प्रश्न बुलढाण्याइतका टोकदार महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असेल. जळगाव जामोद परिसरातल्या निहालांची निहाली भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात निश्चितपणे बसत नाही. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, पुढे डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिचा मागोवा घेतला. ती बोलणारे आता दोन-अडीच हजारांच्या घरात असावेत. निहाल माणूस घरात निहाली, शेजाऱ्याशी कोरकू, बाजारात हिंदी किंवा वऱ्हाडी बोलतो आणि डॉक्टरसमोर गप्प बसतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली १४४१६ ही टेलि-मानस सेवा वीस भाषांत बोलते. ती उपयोगाची आहे, या पुस्तकात तिचा क्रमांक जागोजागी दिला आहे. पण त्या वीस भाषांत कोरकू आणि निहाली नाहीत.

हे पुस्तक आत्ताच का, याचे एक कारण कायद्यात आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८पासून लागू झाला, मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क केला आणि भेदभावाविना, परवडणारी, घराजवळची सेवा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. दुसरे कारण जिल्ह्यातच आहे. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ येथे नंदकिशोर आणि आरती पालवे यांच्या सेवासंकल्प प्रतिष्ठानाने रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना घर दिले आणि मनाच्या आजाराकडे पाहण्याची नजर इथे बदलू शकते हे दाखवले. मैदानात जे घडले ते डोंगरातही घडू शकते, पण त्यासाठी वेगळी तयारी लागेल.

ती तयारी म्हणजे हे पुस्तक. त्यात सिद्धांत थोडे आहेत आणि प्रसंग जास्त. आशाताईंनी, शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आणि काही आदिवासी तरुणांनी स्वतः लिहिले किंवा सांगितले ते इथे आहे. लेखांत मतभेद आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत. भूमकाशी किती हातमिळवणी करावी यावर दोन लेखकांचे टोकाचे वेगळे म्हणणे आहे आणि वाचकाने दोन्ही वाचावे. माणसांची नावे, गावे, नाती बदलली आहेत. ज्यांचे अनुभव छापले त्यांना ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवले आणि ज्यांनी नको म्हटले त्यांचे छापले नाहीत. पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट म्हणजे तयार प्रश्नावली. ती देण्याचा आग्रह अनेकांनी केला होता. डोंगरात कागद-पेन काढले की माणूस सरकारी उत्तर देतो, या एका कारणाने ती ठेवलेली नाही.

पुस्तक वाचून कुणी समुपदेशक होत नाही, म्हणून एक मागणी आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरी आदिवासी स्त्री आणि एक तरी आदिवासी तरुण प्रशिक्षित मानस-सोबती म्हणून नेमावा, त्यांना नियमित मानधन मिळावे, त्यांच्या कामावर जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञाची दर महिन्याला देखरेख असावी आणि आश्रमशाळांना त्यांची ठरलेली भेट असावी. एवढे करायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आदिवासी विकास विभागाचा निधी आहे, आशाताईंचे जाळे आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत आणि अकोल्याच्या प्रकल्प कार्यालयात या पुस्तकाची प्रत त्या मागणीच्या पत्रासोबतच जाणार आहे.